मेलचा पूर, चाऱ्या आणि पाटकरी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्यूसेकचा आकडा नंतर विचारतात. आधी विचारतात, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्यूसेक कळो न कळो, मारुतीच्या अंगावरची पाण्याची रेघ सगळ्यांना कळते. गोदाकाठचे दुकानदार त्या रेघेकडे बघून सामान हलवायचं की नाही ते ठरवतात.

मागच्या महिन्यात दोन विद्यार्थी घरी आले तेव्हा मला ही रेघ आठवली. द्राक्षबागेत कोणत्या दिवशी कोणतं औषध किती मारलं, पाऊस किती झाला, काढणीला किती दिवस उरले, याची नोंद ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर त्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलं आणि कोड सगळ्यांसाठी खुला केला. आधी दिंडोरी, निफाडकडचे चार बागायतदार वापरत होते. मग सांगलीकडच्या कुणीतरी घेतलं, मग विजापूरच्या एकाने कन्नड भाषांतर करून पाठवलं. त्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. म्हणजे एकच पत्ता, त्यावर पाठवलेला मेल लिस्टवरच्या प्रत्येकाला पोचतो आणि शिवाय कायमचा जतन होतो. सुरुवातीला आठवड्याला दहा-बारा मेल यायचे. आता दिवसाला साठ-सत्तर येतात.

"ताई, महिना झाला, एक ओळ कोड लिहिलेला नाही. नुसते मेल वाचतोय," मुलगा म्हणाला. मुलीने फोन पुढे केला. न वाचलेले दोन हजारांच्या वर. "आणि यातला महत्त्वाचा कोणता, तेच कळत नाही."

मी विचारलं, "पाणी नेमकं कुठवर आलंय? मोजलंय का?" नव्हतं मोजलं. म्हणून चहा ठेवला आणि मागच्या आठवड्याचे सगळे मेल वहीवर मोजायला बसलो. कोणाचा, कशाबद्दल, उत्तर मिळालं की नाही, मिळालं तर किती दिवसांनी. तासाभरात चित्र दिसलं. निम्म्याहून जास्त मेल 'ॲप उघडत नाही', 'पासवर्ड विसरलो' या जातीचे. बरेचसे एका बटणाच्या रंगावरून चाललेल्या वादाचे. कोडच्या दुरुस्त्या, ज्यांना पॅच म्हणतात, त्या फक्त सात. त्या सातांपैकी पाचांना कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त बोचले ते हे पाच. कुणीतरी रात्री जागून दुरुस्ती करून पाठवली आणि समोरून शब्द नाही. पूर आला की वाहून जातं ते असंच, सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कमी आवाज करणारं.

पूर का येतो, ते आधी समजून घेऊ. पाच जण असतील तर त्यांच्यात दोघादोघांच्या जोड्या होतात १०. दहा जण झाले की जोड्या ४५. वीस झाले की १९०. पन्नास झाले की १,२२५. माणसं दहापट वाढली आणि बोलण्याच्या वाटा शंभराहून जास्त पटीने वाढल्या. प्रत्येक जोडी रोज बोलत नाही हे खरं, पण चढाची दिशा हीच. दुसरा हिशेब तर आपण कधी करतच नाही. लिस्टवर तीनशे माणसं आहेत आणि एकाने 'मलाही हाच प्रॉब्लेम आहे' एवढाच मेल टाकला. वाचून पुसायला प्रत्येकाला दहा सेकंद लागले तर माणसांची ५० मिनिटं गेली. लिहिणाऱ्याची मात्र पाच सेकंदच गेली. लिहिणं स्वस्त आणि वाचणं महाग, अशी ही बाजारपेठ आहे. त्यामुळे आवक आपोआप कधीच कमी होत नाही.

बहुतेक जण यावर दोनच उपाय करतात. एक, जास्त वेगाने वाचायचं. दोन, वाचणं सोडायचं. पहिल्याने माणूस थकतो, दुसऱ्याने प्रकल्प मरतो.

जगातल्या सगळ्यात मोठ्या खुल्या प्रकल्पांपैकी एकाचीही हीच गत झाली होती. २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं नेटवर जाहीर केलं. तेच पुढे लिनक्स झालं. सुरुवातीची वर्षं सगळे पॅच मेलने त्याच्याकडे यायचे, तो हाताने बघायचा आणि हाताने लावायचा. १९९८ पर्यंत काम इतकं वाढलं की पॅच गळू लागले. माणूस पॅच पाठवायचा, उत्तर नाही. पुन्हा पाठवायचा, तरी उत्तर नाही. नाकारलाय की हरवलाय, कळायला मार्ग नाही. त्या सप्टेंबरात लिस्टवर मोठी वादावादी झाली आणि लायनस एकटा पुरा पडत नाही हे उघड बोललं जाऊ लागलं. २००२ च्या जानेवारीत तीच तक्रार पुन्हा उफाळून आली.

त्यावर निघालेल्या उपायाचा अर्धा भाग सगळ्यांना माहीत असतो, तो म्हणजे साधनांचा. २००२ मध्ये त्यांनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी बिटकीपर नावाची प्रणाली घेतली, आणि तिचा वापर बंद पडल्यावर एप्रिल २००५ मध्ये लायनसने गिट लिहिलं. आज कॉलेजातली मुलं जे गिट शिकतात ते या पुरातूनच आलेलं आहे. दुसरा अर्धा भाग माणसांच्या रचनेचा, आणि माझ्या मते तोच मोठा. त्यांनी पाण्याला चाऱ्या काढल्या.

चारी म्हणजे काय, ते मी बागलाणची असल्यामुळे मला वेगळं शिकावं लागलं नाही. मोसम, आरम आणि पलीकडे धुळे जिल्ह्यातल्या पांझरा या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीने शेती भिजत आली. नदीवर बंधारा. बंधाऱ्यातून पाट. पाटातून चाऱ्या. चारीचं पाणी एकेका फडात, म्हणजे शेतांच्या गटात. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात काय घ्यायचं ते गाव मिळून ठरवणार. यातली खरी खुबी अशी की शेतमालक स्वतः दारं धरायला जातच नाही. पाणी देतो तो पाटकरी. कोणाच्या वाफ्याला किती वेळ, कोणानंतर कोण, हे त्याने बघायचं. माझे आजोबा पाटकरी होते. पाण्याच्या पाळीत खांद्यावर फावडं टाकून रात्री निघायचे आणि एक दारं मोडून दुसरं धरत पहाटेपर्यंत फिरायचे. पाळी चालू असताना कोणी आडवा आला तरी त्याला ते एकच सांगायचे, "तुझी पाळी आली की मी येईन." आणि जायचे. शब्द पाळायचे म्हणून लोक थांबायचे.

मेलचं पाणी वाटायलाही नेमकं एवढंच लागतं. पाळी ठरलेली असावी, ती पाळणारा माणूस असावा, आणि शेवटच्या शेतालाही पाणी मिळेल असा भरवसा असावा.

लिनक्समध्ये आज कोडच्या झाडाच्या मुळाशीच 'मेंटेनर्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एकेका विभागापुढे लिहिलेलं असतं की हा विभाग कोण बघतं, त्याची मेलिंग लिस्ट कोणती, कोणत्या फाइली त्याच्या हद्दीत येतात आणि विभागाची अवस्था काय आहे. अवस्थेचे शब्द ठरलेले आहेत. कोणी पगारी बघतं, कोणी फक्त अधूनमधून दुरुस्त करतं, आणि काहींपुढे चक्क 'ऑर्फन' लिहिलेलं असतं. अनाथ. या विभागाला कोणी वाली नाही हे लपवत नाहीत, फाइलमध्ये लिहून ठेवतात. पॅच पाठवणाऱ्याने एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. त्याने बदललेल्या फाइली बघून ती सांगते की हा मेल अमक्या माणसांना आणि तमक्या लिस्टवर पाठव. नेटवर्किंगची लिस्ट वेगळी, मेमरीची वेगळी, अशा कितीतरी. मुख्य लिस्टवर दिवसाला हजाराच्या घरात मेल येतात आणि ते सगळे वाचावेत अशी कोणाकडूनच अपेक्षा नसते. विभागाचा मेंटेनर आपल्या चारीचं पाणी गाळून घेतो आणि ठरलेल्या काळात वर पाठवतो. दर ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, तिच्यात दहा हजारांहून जास्त बदल असतात. एका माणसाने मेल वाचून हे होणं शक्यच नाही.

मुलांनी विचारलं, "मग आम्हीही दहा लिस्ट काढू का?"

नको, म्हटलं. इथेच बहुतेक जण घसरतात. पाणी जास्त झालं की उत्साहाने दहा चाऱ्या खणतात. त्यातल्या सात कोरड्या पडतात आणि नवखा माणूस नेमका कोरड्या चारीत प्रश्न टाकून दोन महिने वाट बघत बसतो. भरलेल्या लिस्टपेक्षा रिकामी लिस्ट जास्त माणसं घालवते, असं माझं मत आहे. म्हणून आधी विषयाच्या ओळीत एक शब्द घालायला सांगायचं. भाषांतराच्या मेलला सुरुवातीला 'भाषांतर', मदतीच्या मेलला 'मदत'. दोन महिने बघायचं. एखाद्या शब्दाखाली सतत मेल येत असतील आणि ते बघायला दोन माणसं स्वतःहून तयार असतील, तरच वेगळी लिस्ट. दोन म्हणजे दोनच हवीत. एक आजारी पडला, लग्नाला गेला, परीक्षेला बसला की दुसऱ्याने फावडं उचलायचं. पाटकरी मिळेपर्यंत चारी खणू नये.

त्यांच्यासाठी मला फक्त दोन चाऱ्या लगेच दिसत होत्या. एक वापरणाऱ्यांची, एक कोड लिहिणाऱ्यांची. अपाची फाउंडेशन या खुले प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत हीच जुनी वहिवाट आहे. वापरणाऱ्यांची लिस्ट, घडवणाऱ्यांची लिस्ट आणि तिसरी यंत्राची, जिच्यावर कोडमधल्या प्रत्येक बदलाची सूचना आपोआप पडते. तिसरी वेगळी काढण्याचं कारण साधं आहे. यंत्र थकत नाही. त्याचे मेल माणसांच्या गप्पांत मिसळले की माणसं गप्प होतात. सुरक्षेतल्या त्रुटींसाठी मात्र एक बंद पत्ता पहिल्या दिवसापासून हवा. कुलूप मोडकं आहे हे चौकात ओरडून सांगायचं नसतं, दुरुस्ती झाल्यावर सांगायचं असतं.

आता जरा एका मेलच्या पोटात डोकावू, कारण अर्धा गोंधळ तिथला आहे. प्रत्येक मेलला एक ओळख असते, मेसेज-आयडी. तुम्ही 'रिप्लाय' दाबता तेव्हा तुमच्या मेलमध्ये एक अदृश्य ओळ जाते, 'हे अमक्या मेलचं उत्तर आहे'. या ओळी जोडत जोडत संभाषणाची एक माळ तयार होते, तिला थ्रेड म्हणतात. अनुभवी माणूस मेल एकेक वाचत नाही, माळा बघतो. शंभर मेलच्या बारा माळा असतात. त्यातल्या नऊ आपल्या कामाच्या नाहीत हे पहिल्या मण्यावरच कळतं. पूर्ण माळ एका बोटाने बाजूला सारता येते.

पण मग कोणीतरी नवीन प्रश्न विचारायला जुनाच मेल उघडतं, 'रिप्लाय' दाबतं, विषय बदलतं आणि पाठवतं. आपल्याला वाटतं विषय बदलला म्हणजे मेल नवा झाला. पोटातली अदृश्य ओळ मात्र जुनीच असते. तो प्रश्न एका भलत्याच माळेच्या सतराव्या मण्याखाली जाऊन बसतो, आणि ती माळ ज्यांनी बाजूला सारली त्यांना तो कधीच दिसत नाही. मुलांच्या पाच अनुत्तरित पॅचपैकी दोन असेच सापडले, बटणाच्या रंगाच्या वादाखाली गाडलेले. उलट चूक म्हणजे एकगठ्ठा मेलला, डायजेस्टला, उत्तर देणं. दिवसभराचे चाळीस मेल एकात बांधून येतात, त्यावर उत्तर दिलं की विषयात गठ्ठ्याचा क्रमांक येतो, खाली चाळीसच्या चाळीस मेलची शेपटी लागते आणि माळही तुटते. डायजेस्ट नुसतं वाचणाऱ्यासाठी चांगलं, बोलणाऱ्यासाठी नाही.

त्याच पोटात 'लिस्ट-आयडी' नावाची आणखी एक ओळ असते. तिचा ठराव २००१ मध्ये झाला. लिस्टवरून आलेल्या प्रत्येक मेलवर ती शिक्क्यासारखी असते. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन 'हा शिक्का दिसला की या कप्प्यात टाक' एवढा एक नियम लावला की घरचे मेल, बँकेचे मेल आणि लिस्टचे मेल वेगळे होतात. दोन मिनिटांचं काम आहे. दोन हजार न वाचलेल्यांचं ओझं यानेच अर्धं हलकं होतं, कारण ते सतत डोळ्यासमोर टोचत राहत नाही. मग आपण ठरवून त्या कप्प्यात जातो, सकाळी एकदा, रात्री एकदा.

कप्पे झाले तरी पॅच गळण्याचा प्रश्न उरतो. मेलला स्वतःची आठवण नसते. तो खाली गेला की गेला. म्हणून मोठे प्रकल्प मेलच्या शेजारी एक नोंदवही ठेवतात. डेबियन या लिनक्सवर उभ्या असलेल्या प्रकल्पात प्रत्येक बगला, म्हणजे कोडमधल्या चुकीला, क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाचा स्वतःचा मेल पत्ता असतो. त्या पत्त्यावर लिहिलं की ते त्या बगच्या खात्यात जमा होतं, आणि त्यालाच एक शेपूट जोडून मेल केला की खातं बंद होतं. मेल सोडायला नको आणि विसरायलाही नको. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांची पद्धत मला त्याहून आवडते. २००८ पासून ते वर्षातून काही वेळा 'कमिटफेस्ट' भरवतात. महिनाभर नवं काही लिहिण्यापेक्षा आलेले पॅच तपासायचे. सगळ्या पॅचची यादी उघड लावलेली असते, प्रत्येकापुढे तपासणाऱ्याचं नाव. आणि संकेत असा की तुमचा पॅच यादीत असेल तर तेवढ्याच वजनाचा दुसऱ्याचा एक पॅच तुम्ही तपासायचा. घेणाऱ्याने द्यायचंही. आपल्याकडे शेतात एकमेकांच्या कामाला सावड म्हणतात, तीच ही.

मुलांच्या प्रकल्पाला एवढं मोठं यंत्र नको. त्यांना एक पाळी पुरेशी आहे. या आठवड्यात लिस्टवर नजर ठेवायची तुझी पाळी, पुढच्या आठवड्यात हिची, त्यापुढे तिसऱ्याची. पाळीवाल्याने उत्तरं द्यायची नाहीत, पाणी वळवायचं. हा मदतीचा प्रश्न, तिकडे. हा पॅच, वहीत नोंद आणि पाठवणाऱ्याला दोन दिवसांत एक ओळ, 'मिळाला, अमकी व्यक्ती बघेल, दोन आठवडे लागतील.' हा तिसऱ्यांदा आलेला प्रश्न, म्हणजे आपल्या माहितीच्या पानावर भोक आहे, ते आधी बुजव आणि मग उत्तरात दुवा दे. माझ्या अनुभवात 'मिळाला' या एका ओळीने जितके मेल टळतात तितके दुसऱ्या कशाने टळत नाहीत. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा लिहितो, मग वेगळ्या विषयाने लिहितो, मग तिघांना वेगवेगळं लिहितो.

आणि बाकीच्यांना? पाळी नसलेल्या आठवड्यात लिस्ट न वाचण्याची उघड मुभा. फडाच्या पाटाला सांडवा असतो, जास्तीचं पाणी त्यातून पुन्हा नदीला मिळतं. आलेला प्रत्येक थेंब शेतात घेतला तर पीक सडतं. सगळं वाचलं नाही म्हणून अपराधी वाटणारी कितीतरी चांगली माणसं मी बघितली आहेत, आणि त्यातली काही ते ओझं सहन न होऊन प्रकल्पच सोडून गेली.

बटणाचा रंग. मुलगी म्हणाली, "ताई, चार दिवस, अठ्ठ्याऐंशी मेल. हिरवा की निळा." मी तिला १९९९ ची गोष्ट सांगितली. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात, संगणकाला काही सेकंद थांबवणाऱ्या 'स्लीप' या किरकोळ आज्ञेला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत का, यावरून रण माजलं. तेव्हा पॉल-हेनिंग कॅम्प या विकसकाने सगळ्यांना एक लांब मेल लिहिला आणि नॉर्थकोट पार्किन्सन या लेखकाचं जुनं निरीक्षण सांगितलं. अणुभट्टीचा ठराव समितीत झटकन मंजूर होतो, कारण ती कोणालाच कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास वाद होतो, कारण शेड प्रत्येकाला कळते. सोसायटीच्या बैठकीला बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. लिफ्टचा लाखोंचा करार पाच मिनिटांत होतो आणि गेटच्या रंगावर रात्रीचे अकरा वाजतात.

त्यावरचा उपाय वाद दाबणं हा नव्हे. निर्णय कसा आणि कधी होणार हे आधी ठरलेलं असणं, हा आहे. अपाचीत एक चांगली रीत आहे. प्रस्ताव लिहायचा, किमान ७२ तास थांबायचं, कोणी सकारण हरकत घेतली नाही तर संमती धरायची. ७२ तास यासाठी की जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला, शनिवार-रविवार धरूनही, बघायला वेळ मिळावा. 'मलाही चालेल' म्हणणारे पन्नास मेल यातच टळतात, कारण गप्प राहणं हाच होकार असतो. ही रीत नसली की काय होतं ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाने भोगलं. २०१८ मध्ये भाषेत एक नवं चिन्ह आणण्याच्या ठरावावरून लिस्टवर इतकं रण पेटलं की भाषेचा जनक गिडो व्हान रोसमने १२ जुलैला अंतिम निर्णयाचा आपला अधिकारच सोडला. पुढे पाच जणांची निवडून आलेली समिती आली. पायथनने नंतर विकसकांची चर्चा मेलवरून उचलून दुसऱ्या मंचावर नेली, पण जागा बदलण्याआधी त्यांनी निर्णयाची वाट बदलली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मुलाने हळूच विचारलं, "सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर नेलं तर?" मेल कमी होतील, हो. पण ग्रुपवर बोललेलं दोन दिवसांत वर सरकून जातं. विजापूरचा माणूस सकाळी शेतातून आला की त्याला दीडशे संदेश दिसतील आणि त्यात ठरलेलं एक वाक्य शोधत बसावं लागेल. ग्रुप ठेवा, गप्पांना ठेवा, पण काही ठरलं की कोणीतरी ते चार ओळींत लिस्टवर लिहायचं. तिथे नाही लिहिलं तर ठरलंच नाही, असं धरायचं.

यातलीच आणखी एक सवय आपल्या लोकांची आहे आणि ती मी प्रेमानेच सांगते, कारण माझीही होती. आपण मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर प्रश्न विचारायला लाजतो. इंग्रजी चुकेल, प्रश्न बाळबोध वाटेल. म्हणून 'सर, पर्सनली विचारतो' म्हणून मेंटेनरला खासगी मेल करतो. त्यात आदर असतो, पण पाणी मात्र चोरवाटेने जातं. त्या माणसाला तेच उत्तर वीस जणांना वीसदा खासगीत द्यावं लागतं आणि एकविसाव्याला शोधूनही ते सापडत नाही. लिस्टवर विचारलेला प्रश्न दहा वर्षांनी भेटणाऱ्या कोणाच्या तरी कामी येतो. मुलांना म्हटलं, खासगी मेल आला तर रागावू नका. नाव काढून टाका, त्याला विचारा आणि प्रश्न लिस्टवर टाकून तिथेच उत्तर द्या. मराठीत विचारला तर मराठीत द्या. हा बागायतदारांचा प्रकल्प आहे.

एकट्यावर सगळं पडलं की काय होतं, हेही त्यांना सांगितलंच पाहिजे असं मला वाटलं. फाइली आवळून लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक छोटं साधन जगभरच्या लिनक्समध्ये वापरलं जातं. अनेक वर्षं ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये लिस्टवर त्याच्यावर दबाव टाकणारे मेल येऊ लागले. काम का होत नाही, दुसऱ्याला का देत नाही. त्याने आपली तब्येत, आपली मनःस्थिती ठीक नसल्याचं लिहिलं तरी मेल थांबले नाहीत. अखेर मदतीला आलेल्या एकाला त्याने अधिकार दिले, आणि त्या मदतनिसाने २०२४ मध्ये कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. दबाव टाकणारी ती नावं बनावट असावीत असाच सगळ्यांचा कयास आहे. अँड्रेस फ्रॉइंड या विकसकाला दूरच्या संगणकात लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने हे सगळ्यांसमोर आणलं. नाहीतर तो दरवाजा जगभर पोचला असता. मेलचा भार एका थकलेल्या माणसावर टाकून ठेवला की कोणीही मदतीचं सोंग घेऊन फावडं मागू शकतं.

खोली शांत झाली. मुलगा म्हणाला, "मागच्या महिन्यात मलाही तसे दोन मेल आले होते. मी रडलो होतो." मी त्याला काही बोलले नाही, चहा पुढे केला.

संध्याकाळी मुलीने वहीचं कोरं पान काढलं आणि तीन रकाने आखले. चारी, पाटकरी, बदली पाटकरी. 'मदत' पुढे निफाडच्या दोन बागायतदारांची नावं आली. ते दोघं आधीपासूनच लोकांना उत्तरं देत होते, त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं एवढंच. 'कोड' पुढे ही दोघं आणि सांगलीची एक मुलगी. पाच पॅच पाठवणाऱ्यांना एकेक ओळ गेली, 'उशिराबद्दल माफ करा, मिळाला आहे, पुढच्या रविवारपर्यंत बघतो.' बटणाच्या वादात 'शुक्रवारी संध्याकाळी ठरेल' एवढंच लिहिलं.

'भाषांतर' पुढचे दोन्ही रकाने रिकामे राहिले. मुलाने फोन काढला आणि विजापूरच्या माणसाला मेल लिहायला घेतला. पत्ता घालताना थांबला, माझ्याकडे बघितलं, त्याचं नाव पुसलं आणि तिथे लिस्टचा पत्ता घातला.